समुद्राची पैसेवारी कोण ठरवणार?

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीजदर आणि आपत्तीतील मदत या बाबतींत शेतकऱ्याला जे मिळते, ते यापुढे मच्छीमारालाही मिळेल, असे या निर्णयाचे आश्वासन आहे. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर त्याने आशा निर्माण केली असल्यास नवल नाही. परंतु या निर्णयाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणी मोठ्याने विचारलेला दिसत नाही. शेती बुडाली हे ठरवण्याची रीत महसूल खात्यापाशी आहे. समुद्राचे पीक बुडाले हे कोण ठरवणार, आणि कशावरून?

जमिनीवर पैसेवारी असते. पीककापणीचे प्रयोग होतात, हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी पैसेवारी क्रमाने जाहीर होते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की सवलतींचा दरवाजा उघडतो, हे कोणत्याही खेड्यातील शेतकरी सांगेल. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर त्यात पर्जन्यमान, मातीतील ओल, उपग्रहावरून दिसणारा हिरवेपणा आणि प्रत्यक्ष पाहणी या कसोट्यांची भर पडली. ही पद्धत निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पैसेवारी पन्नासच्या वर ठेवण्यासाठी काय काय होते, हे विदर्भ-मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. तरीही त्या शेतकऱ्याच्या हाती भांडण्यासाठी एक आकडा असतो. ‘आमच्या गावाची पैसेवारी चुकली’ असे तो तहसील कचेरीत जाऊन सांगू शकतो. मालवणच्या दांडीवरील किंवा देवबाग-तारकर्लीच्या रापणकराला हे वाक्य उच्चारण्याचीही सोय नाही. त्याची रापण महिनाभर रिकामी आली, तरी ती सरकारदप्तरी भरलेलीही नसते आणि रिकामीही नसते. ती तेथे नसतेच. किनाऱ्यावरील संघटनांनी मत्स्यदुष्काळ जाहीर करण्याची मागणी गेल्या काही वर्षांत वारंवार केली. दुष्काळ मोजण्याची गावपातळीवर रुळलेली रीतच नसल्यावर तो जाहीर न करणे सरकारला किती सोपे जाते, हे निराळे सांगायला नको.

‘पुराव्यावर आधारलेले धोरण’ हा अलीकडे दिल्ली-मुंबईच्या सचिवालयांत फार प्रतिष्ठा पावलेला शब्दप्रयोग आहे. धोरण पुराव्यावर आधारलेले असावे, याविषयी समाजवाद्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. ज्याच्या पाठीशी धनही नाही आणि दरबारही नाही, त्याला पुराव्यावाचून दुसरा आधार कोणता? वाद आहे तो पुढचा. पुरावा कोण गोळा करतो, कशाचा करतो, तो कोणाच्या कपाटात राहतो, आणि तो गैरसोयीचा निघाला तर त्याचे काय होते? मालवणचा किनारा या चारही प्रश्नांची उत्तरे देतो.

एक समुद्र, दोन आकडे

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना १९४७ ची. देशभरातील मासळी उतरण्याच्या बंदरांवर ही संस्था नमुना पाहणी करते. सर्व बंदरे आणि सर्व दिवस मोजणे अशक्य असल्यामुळे बंदरे आणि दिवस यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात. त्या दिवशी आलेल्या नौकांपैकी काहींची मासळी जातवार आणि जाळ्याच्या प्रकारानुसार नोंदवली जाते, आणि त्यावरून जिल्ह्याचा व राज्याचा अंदाज काढला जातो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत प्रतिष्ठित आहे. या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. आधीच्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. म्हणजे एका वर्षात सुमारे एक-तृतीयांश घट झाली, आणि साडेचार दशकांतील नीचांक नोंदला गेला.

आता दुसरा आकडा पाहा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या हिशेबी २०१९-२० या वर्षातील सागरी उत्पादन चार लाख टनांहून अधिक आहे. एक आकडा पंचांगवर्षाचा आणि दुसरा आर्थिक वर्षाचा, हा फरक मान्य केला तरी त्याने दुप्पट अंतर भरून निघत नाही. समुद्र एकच, मासळी तीच, दोन्ही यंत्रणा सरकारी पैशावर चालणाऱ्या. आणि एक म्हणते दोन लाख, तर दुसरी म्हणते चार लाख!

यांपैकी खरे कोण, हा येथे मुद्दा नाही. दोन्ही यंत्रणांच्या पद्धती भिन्न आहेत, आणि भिन्न पद्धतींनी भिन्न उत्तरे येणे हे शास्त्रात अघटित नव्हे. अघटित आहे ते हे की, इतके मोठे अंतर वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदते आणि त्याचा उलगडा करणे हे कोणाचेच कर्तव्य ठरत नाही. विधिमंडळात उत्पादन वाढत असल्याचे सांगायचे असेल तर एक आकडा हाताशी असतो, आणि मदतीची मागणी आली की निश्चित माहिती उपलब्ध नसल्याचे सांगता येते. दोन आकड्यांची ही व्यवस्था अज्ञानातून निर्माण झाली असेल. पण ती टिकून राहिली आहे ती सोयीमुळे.

त्यातही कारणमीमांसेचा प्रश्न आहे. २०१९ हे वर्ष वादळांचे होते. ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे ऐन हंगामात आली आणि नौकांचे समुद्रातील दिवस घटले. संशोधन संस्थेनेही घटीचे एक कारण म्हणून त्याकडे बोट दाखवले. मासळी कमी आली ती समुद्रात ती कमी होती म्हणून, की नौका बंदरातच अडकून पडल्या म्हणून? पहिले खरे असेल तर मासेमारीवर निर्बंध हवेत. दुसरे खरे असेल तर मदत हवी. दोन्ही खरे असेल तर दोन्ही हवे. नुसत्या टनांच्या बेरजेतून हा भेद कळत नाही. त्यासाठी दर फेरीला, दर जाळ्याला किती मासळी लागली याची नोंद लागते, आणि ती नोंद गावातील माणसाला वाचता यावी लागते. २०२० मध्ये राज्याने वादळग्रस्त मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, ती किनाऱ्यावरील ओरड वाढल्यावर. मोजणीतून तिचा हक्क सिद्ध झाला असता, तर ती उपकार म्हणून घ्यावी लागली नसती.

आकडा हा पट्टीचाही असतो, हे सांगणारे आणखी एक उदाहरण. भारताचा सागरकिनारा ७,५१६ किलोमीटरचा, असे कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केले. नव्या मोजणीनंतर तो ११,०९८ किलोमीटर झाला आणि महाराष्ट्राचा ८७७ किलोमीटरवर गेला. किनारा काही रातोरात लांबला नाही. अधिक बारीक नकाशावर मोजल्यामुळे खाड्या आणि वळणे हिशेबात आली, एवढेच. यावरून एक धडा घ्यावा. पट्टी जितकी जाड, तितकी लहान माणसांची वळणे तिच्याखाली झाकली जातात.

सरासरीचा पडदा

हे झाकले जाणे समजून घ्यायचे असेल तर रापण समजून घ्यावी लागेल. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके दोरांनी किनाऱ्यावरून ओढायची, अशी ही पद्धत. दोन्ही बाजूंना माणसांची रांग लागते. मिळालेली मासळी विकली जाते आणि तिचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. एका रापणीवर कित्येक चुली पेटतात, आणि ती मासळी टोपलीत घालून बाजारात नेणाऱ्या बायकांच्या चुली त्याशिवाय.

पर्ससीन जाळे याच्या उलट. बांगडा किंवा तारली यांचा थवा यंत्राने हुडकायचा, त्याला चहूबाजूंनी वेढायचे आणि थैलीची नाडी आवळावी तसे जाळ्याचे तोंड खालून आवळायचे. अख्खा थवा एका फेऱ्यात नौकेवर येतो. टनांच्या तक्त्यात रापणीचा एक टन बांगडा आणि पर्ससीनचा एक टन बांगडा सारखाच दिसतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते दोन निराळे टन आहेत. पहिल्याचे उत्पन्न अनेक घरांत वाटले जाते, तर दुसऱ्याचा मोठा भाग भांडवल गुंतवणाऱ्याकडे जातो. शिवाय समुद्रातील थवा एकच असल्यामुळे, बाहेर जो पर्ससीनला लागला तो किनाऱ्यावरील रापणीला लागणे नाही. राज्याचे एकूण उत्पादन स्थिर असतानाही मालवणच्या किनाऱ्यावर उपासमार असू शकते, ती यामुळे. सरासरीच्या पडद्याआड वर्गभेद लपतो, हे दारिद्र्याच्या अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे सामर्थ्य यातच होते. देशाच्या सरासरी उत्पन्नावर न थांबता त्यांनी थराथरांतील खर्च तपासला आणि वाढीचे फळ कोणाच्या पानात पडते, हे विचारले. समुद्राच्या बाबतीत असा थरावार हिशेब मांडण्याची निकड राज्यकर्त्यांना अजून वाटलेली नाही.

सरकारी सवलतींचा ओघही या पडद्याआडून वाहतो. यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. तो जळालेल्या डिझेलच्या प्रमाणात असल्याने ज्याचे इंजिन मोठे त्याला परतावा मोठा, आणि जो वल्ह्याने होडी हाकतो किंवा किनाऱ्यावर दोर ओढतो त्याच्या वाट्याला काहीच नाही. ‘मच्छीमारांसाठी’ म्हणून अर्थसंकल्पात दिसणारी रक्कम कोणत्या मच्छीमाराला पोचली, याची विभागणी बंदराच्या फलकावर लागली तर पुष्कळांचे डोळे उघडतील.

अहवाल होता, इच्छा नव्हती

माहिती नाही म्हणून धोरण नाही, असे सांगणाऱ्यांना सोमवंशी समितीची आठवण करून द्यावी लागते. भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. वि. स. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये पर्ससीन मासेमारीवर अहवाल सादर केला. पर्ससीनचे परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने २६२ आणि अखेरीस १८२ वर आणावेत, असे तिने सुचवले. समिती सरकारनेच नेमलेली, अध्यक्ष विषयाचे जाणकार, शिफारस स्पष्ट. पुराव्यावर आधारलेल्या धोरणाला याहून अधिक काय लागते?

तरीही त्या अहवालावरून अधिसूचना निघायला ५ फेब्रुवारी २०१६ उजाडले. मधले चार हंगाम परवानाधारक आणि बिनपरवाना जाळी समुद्रात पडतच राहिली. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील संघर्ष या काळात हातघाईवर आला आणि एकाच किनाऱ्यावरील, पुष्कळदा एकाच जातीतील माणसे एकमेकांचे वैरी झाली. अहवाल दप्तरात पडून राहण्याची किंमत ही अशी कोर्टकचेऱ्यांत आणि तुटलेल्या सोयरिकींत मोजली जाते.

अधिसूचनेने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतका मर्यादित केला आणि परवान्यांची संख्या अखेर १८२ वर आणण्याचे ठरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतातील मासेमारीवर बंदी घातली. १९८१ चा राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु रात्री समुद्रात दिव्यांची रांग दिसते ही तक्रार काही थांबलेली नाही. यावरून एकच निष्कर्ष निघतो. माहितीची कमतरता हे येथे कारण नव्हते. माहितीवर कृती करण्यासाठी जे राजकीय बळ लागते, ते ज्यांच्यासाठी ही माहिती होती त्यांच्यापाशी पुरेसे नव्हते, आणि ज्यांच्या विरुद्ध ती होती त्यांच्यापाशी भरपूर होते.

इतिहासही हेच सांगतो. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक नौकांविरुद्ध आंदोलन उभे केले. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली, आदर्श विधेयक तयार झाले, आणि मग गोवा व महाराष्ट्राचे कायदे आले. १९८१ चा कायदा हा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निर्मितीच्याच वर्षीचा. तज्ज्ञांचा अभ्यास आणि किनाऱ्यावरची चळवळ एकत्र आली तेव्हा कायदा झाला. चळवळ ओसरली तेव्हा तोच कायदा चाळीस वर्षे जवळजवळ निजून राहिला.

यंत्र आले, मालकी बदलली नाही

यावर नव्या युगाचे भाट सांगतात की, आता चिंता नको. सारे काही संगणकावर येत आहे. आणि खरोखरच पुष्कळ काही आले आहे. सप्टेंबर २०२४ पासून राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर मच्छीमारांची नोंदणी सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली. २००५, २०१० आणि २०१६ नंतरची सागरी मच्छीमार गणना २०२५ च्या अखेरीस मोबाईलवरून झाली. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कोठे असण्याचा संभव आहे, हे रोज कळवते. वादळाची सूचना पूर्वीपेक्षा लवकर मिळते आणि तिने प्राण वाचतात. यंत्राला नावे ठेवणे हा समाजवादाचा धर्म नव्हे.

परंतु यंत्राने माहितीचा वेग बदलला, तिची दिशा बदलली नाही. ती पूर्वीप्रमाणेच खालून वर जाते आणि वरच राहते. मच्छीमाराने आपले नाव, आधार, खाते, नौका, जाळे हे सारे भरून द्यायचे. त्याच्या बंदरात गेल्या महिन्यात किती बांगडा उतरला, पर्ससीनचे परवाने कोणाच्या नावे आहेत, ड्रोनने किती नौका पाहिल्या आणि त्यांपैकी कितींवर खटले झाले, ही माहिती तितक्याच सहजपणे खाली यावी, यासाठी मात्र यंत्राला काही अडचण येते असे दिसते. उलट, २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीचे पोटकलम बदलले. व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देण्याची जी वाट त्या पोटकलमात होती ती गेली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आला. लोकहिताचे दुसरे एक पोटकलम शिल्लक आहे खरे. पण परवानाधारकांची यादी मागणाऱ्या कार्यकर्त्याला ‘ही व्यक्तिगत बाब आहे’ असे उत्तर देणे आता कचेरीला अधिक सोपे झाले. मच्छीमाराचे सारे व्यक्तिगत सरकारला उघडे, आणि सरकारने दिलेला परवाना मात्र व्यक्तिगत! असा हा नवा न्याय आहे.

मोफत माहिती ही समान माहिती असते, हाही एक भ्रम आहे. मासळीचा थवा कोठे आहे हे उपग्रहाने सर्वांना एकाच वेळी सांगितले, तर तेथे प्रथम कोण पोचेल? ज्याचे इंजिन मोठे तो. वल्ह्याच्या होडीला तीच सूचना मिळते, पण तिच्या दृष्टीने ती दुसऱ्याच्या भाग्याची बातमी असते. सत्तेची आणि साधनांची विषमता तशीच ठेवून माहिती वाटली, तर ती विषमता अधिक कार्यक्षम होते.

नोंदणीच्या तक्त्यातही एक राजकारण असते. तक्ता व्यक्ती ओळखतो, नौका ओळखतो. वाट्यावर चालणारी रापण हा समूह आहे आणि समूहाला रकाना सापडणे कठीण. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईचे नाव नौकेच्या कागदावर नसते. मोजणीत जो नाही तो मदतीत नाही, आणि मदतीत जो नाही तो काही वर्षांनी व्यवसायातही राहत नाही.

उपग्रहाला न दिसलेले ठराव

किनाऱ्यावर जे घडले तेच सह्याद्रीत घडले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील खाणी व वीजप्रकल्प हा त्यांच्या कामाचा खास भाग होता. तो अहवाल केंद्राने दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश झाला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि तेथे हरल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल जनतेपुढे आला. सावंतवाडी-दोडामार्ग परिसरातील पंचवीस गावांनी आपली गावे संवेदनक्षेत्रात घ्यावीत असे ठराव केले होते, याची गाडगीळांनी आवर्जून नोंद केली.

त्यानंतर आलेल्या कस्तुरीरंगन गटाने २४ मीटर पृथक्करणाची उपग्रहचित्रे वापरून गावांची यादी केली. पद्धत आधुनिक होती. पण दोडामार्ग तालुका यादीबाहेर राहिला. ग्रामसभेचा ठराव उपग्रहाला दिसत नाही. ज्यांना संरक्षण हवे होते ती गावे सुटली, आणि हा प्रश्न न्यायालयात न्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्याला संवेदनक्षेत्राचा दर्जा देण्याच्या दिशेने आदेश दिला तो मार्च २०२४ मध्ये. ठराव करणाऱ्या गावांनी तोवर एक तपाहून अधिक काळ वाट पाहिली होती.

संशोधन लोकांसह झाले तर काय होते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ट्रॉलरच्या जाळ्याची शेवटची थैली पूर्वी शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसांची असे. ओढ बसली की आस मिटतो आणि लहान पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. दशकभरापूर्वी सिंधुदुर्गात राबवलेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची जाळी ट्रॉलरवाल्यांनी स्वतः वापरून पाहिली. मच्छीमाराने आपल्या हाताने प्रयोग केला म्हणून त्याला तो पटला. याच्या उलट, १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रातील २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा ज्यांचा तो समुद्र त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. आणि त्या अभयारण्याविषयीचा संशय किनाऱ्यावर आजतागायत मुरलेला आहे. निसर्गरक्षणाचा हेतू दोन्हीकडे होता. फरक पडला तो विचारण्यात आणि न विचारण्यात.

चळवळीचा हिशेब

येथे दोष केवळ सरकारच्या माथी मारून चळवळीला हात झटकता येणार नाहीत. आकडेवारी हे नोकरशहांचे काम आणि घोषणा हे कार्यकर्त्यांचे, अशी एक वाईट सवय डाव्या आणि समाजवादी मंडळींना जडली आहे. दादाभाई नौरोजींनी साम्राज्याची लूट सिद्ध केली ती साम्राज्याच्याच आकड्यांनी. रोजगार हमीच्या कामावरील मजूर हजेरीपट वाचायला शिकले, तेव्हा मुकादमाची चोरी उघडी पडली. किनाऱ्यावर असा प्रयत्न किती झाला? मोर्चात ‘दर्यात मासो नाय’ हे वाक्य प्रभावी ठरते. पण मंत्रालयात ‘किती नाही?’ असा प्रश्न येतो तेव्हा निवेदन अडखळते. शिवाय लहान आसाची जाळी फक्त मोठेच वापरतात, असेही नाही. स्वतःच्या घरातील चूक मोजण्याचे धैर्य नसलेल्याला दुसऱ्याची चूक मोजण्याचा अधिकार नैतिकदृष्ट्या दुबळा होतो.

म्हणून सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी पुढील मागण्यांवर संघटन करावे. पहिली, केंद्रीय संस्था आणि राज्याचा विभाग यांच्या आकड्यांतील अंतराचा जाहीर खुलासा व्हावा आणि पुढे दोघांनी एका मान्य पद्धतीने जिल्हावार, जाळ्याच्या प्रकारानुसार अंदाज द्यावेत. दुसरी, प्रत्येक बंदरावर दरमहा मराठीतून फलक लागावा. त्यावर उतरलेली मासळी, वैध परवान्यांची संख्या, पकडलेल्या नौका आणि वसूल झालेला दंड लिहिलेला असावा. तिसरी, समुद्राची पैसेवारी ठरवण्यासाठी तालुकावार समिती असावी. तिच्यात संशोधक आणि अधिकारी यांच्या बरोबरीने रापण संघांचे प्रतिनिधी आणि मासळी विक्रेत्या स्त्रिया असाव्यात. मागील दहा वर्षांच्या सरासरीशी चालू हंगामाची तुलना व्हावी, आणि ठरलेल्या मर्यादेखाली हंगाम गेला की मदत मागण्याची वेळच येऊ नये. चौथी, सरकारने नेमलेल्या कोणत्याही समितीचा अहवाल सादर झाल्यापासून तीस दिवसांत मराठीतून प्रसिद्ध व्हावा. पाचवी, रापण हा समूह म्हणून नोंदला जावा.

यांपैकी एकाही मागणीला नव्या शोधाची गरज नाही. यंत्रे आहेत, माणसे आहेत, पैसाही आहे. नाही ती इच्छा, आणि इच्छा ही वरून येत नसते.

मागण्या मान्य होण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या बाहेर पडतील, त्या दिवसापासून प्रत्येक रापण संघाने एक साधी वही ठेवावी. तारीख, किती वेळा जाळे टाकले, कोणती मासळी, किती, काय भावाने गेली, किती वाटे पडले. आचरा, सर्जेकोट, दांडी, देवबाग, निवती, शिरोडा. एकेका गावात एक वही आणि ती भरणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी एवढे पुरे. तीन हंगामांच्या अशा वह्या एकत्र ठेवल्या तर कोणत्याही सचिवाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागेल. ज्या माणसाच्या जाळ्यात काय आले हे जगाला ठाऊक नाही, त्याने ते प्रथम स्वतः लिहून ठेवले पाहिजे. वहीतला तो आकडा त्याचा स्वतःचा असेल, आणि त्याच्यासाठी भांडायला तो स्वतः उभा राहील.